नववीच्या पोरांना खानदेशच्या कारखानदारीतलं एकच माणूस सांगायचं तर कोण?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळचा अमळनेरचा, नोकरीपायी वीस वर्षं पुण्यात. पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका शाळेने नववीच्या वर्गापुढे अर्धा तास बोलायला बोलावलंय. विषय दिलाय ‘आपल्या भागातले उद्योग आणि ते उभे करणारी माणसं’. अर्ध्या तासात दहा माणसं सांगितली तर पोरांच्या डोक्यात एकही राहणार नाही म्हणून एकच घ्यायचं ठरवलंय.

माझं मत प्रतापशेठ. मोतीलाल माणेकचंद उर्फ श्रीमंत प्रतापशेठ. कापडगिरणी काढणारे शेठ गावोगाव झाले, पण गिरणीच्या पैशातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढणारा मला तरी दुसरा कुणी माहीत नाही. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ १९३३ ते ३५ तिथे संचालक होता, टी. आर. व्ही. मूर्ती, रासबिहारी दास, मलकानी अशी माणसं आमच्या गावात राहून अभ्यास करत होती. बाहेर भोंगा वाजतोय, कामगार डबा घेऊन पाळीला चाललेत आणि आत शांकर वेदांतावर वाद चाललाय, हे चित्र लहानपणापासून माझ्या डोक्यात आहे. प्रताप कॉलेजही (१९४५) त्यांच्याच नावाचं. तुमचं काय मत? मोकळेपणाने सांगा, मला खरंच ठरवायचंय.

खापरावरचा_मांडा
पहिली मी. प्रतापशेठ +१. मन्ही माय सांगे, भोंगा वाजना म्हंजे पाच वाजनात, घरात घड्याळ नव्हतंच. वाचतेय.

तापीथडी
नववीची पोरं आहेत भाऊ, वेदांतावर झोपतील. विप्रो सांगा! २९ डिसेंबर १९४५ ला कंपनी सुरू झाली ती अमळनेरला. नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, त्याचंच पुढे विप्रो झालं. मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना टाकला, १९६६ साली ते गेले आणि त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून परत आला. कॉम्प्युटर वगैरे सगळं नंतरचं. पोरांना मोबाइल कळतो, मोबाइलपासून तुपाच्या डब्यापर्यंत मागे न्या त्यांना, बघा कसे कान टवकारतात. आणि अमळनेरकरांच्या शेअरची गोष्ट सांगायला विसरू नका, कारखान्यावर विश्वास ठेवून घेतलेले चार शेअर ज्यांनी मोडले नाहीत त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं भलं झालं.

रसायनवाला
तुपाचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही, मी तेलाच्या धंद्यात केमिस्ट म्हणून नोकरी केली (विप्रोत नाही, दुसरीकडे). पोरांना हे नक्की दाखवा. शेंगतेल पातळ असतं. ते तापवून त्यात निकेलची बारीक भुकटी घालायची आणि दाबाखाली हायड्रोजन सोडायचा, तेल हळूहळू घट्ट व्हायला लागतं, मग निकेल गाळून काढायचं आणि माल थंड करायचा म्हणजे तुपासारखा रवाळ होतो. साजूक तुपात कोणी भेसळ केली तर पकडता यावी म्हणून वनस्पतीत ठरावीक प्रमाणात तिळाचं तेल घालायचा कायदा होता. थोडी साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून नळी हलवली की खालचा थर गुलाबी होतो, म्हणजे भेसळ. शाळेच्या प्रयोगशाळेत पाच मिनिटांत होतं हे, फक्त आम्ल सरांच्याच हातात राहू द्या.

आणि तेल साफ करताना जो गाळ निघतो त्याचा साबण करत. अमळनेरचा ७८७ नंबरचा साबण जुन्या लोकांना आठवत असेल.

खापरावरचा_मांडा
७८७! आमच्याकडे अजून पितळी डब्यावर त्या वडीचे चौकोनी डाग आहेत. आणि सनफ्लॉवर वनस्पतीचा रिकामा पत्र्याचा डबा म्हणजे ज्वारीची कोठी, तो काही कोणी फेकत नसे. आईने एका डब्याला कडी लावून घेतली होती, त्यात बिबड्या (ज्वारीचे पापड) राहायच्या पावसाळाभर, एक नरम पडत नसे.

यार्डातला_पोरगा
मी भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. तुम्ही सगळे मालकांची नावं घेताय पण गाडी आली नसती तर गिरणी, तूप, केळी काही नसतं. १८६० च्या दशकात रूळ आले, त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि आपल्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. त्याच्यावर जिन (कपाशीतून सरकी काढायचे कारखाने) आणि प्रेस (रुईच्या गाठी दाबायचे) उभे राहिले. १९०० साली सुरतहून ताप्ती व्हॅली रेल्वे अमळनेरपर्यंत आली, त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रतापशेठची गिरणी. उगाच नाही आली ती.

माझं मत कॉल बॉय. हसू नका. वाफेच्या इंजिनाच्या काळात रात्री दोनला ज्या ड्रायव्हरची ड्यूटी असेल त्याच्या दारावर जाऊन उठवायचं काम ह्या माणसाचं. हातात कंदील आणि कॉल बुक. दार वाजवायचं, ड्रायव्हर उठला की वहीत सही घ्यायची, नाहीतर म्हणेल मला कोणी उठवलंच नाही. आमच्या आजोबांनी हे काम केलंय थंडीत पावसात. कुत्र्यांना त्यांची चाल माहीत झालेली, बाकी कुणावर भुंकायची पण त्यांच्यावर नाही. अख्ख्या यार्डाची गाडी वेळेवर निघायची ती ह्या एका सहीवर.

बोरीकाठ
@यार्डातला_पोरगा, हसत नाहीये, कॉल बॉयबद्दल पहिल्यांदाच ऐकलं. लिहून घेतलंय.

दालमिलवाली
जळगावच्या लोकांनो कुठे गेलात? आमच्याकडे खानदेश मिल १८७० च्या दशकातली, म्हणजे अमळनेरच्या कितीतरी आधीची. मूळजी जेठा कंपनीची. एम. जे. कॉलेजचं नाव त्यांच्यावरून, निम्म्या पोरांना तेही माहीत नसतं. गिरणीच्या जागी आता खानदेश सेंट्रल आहे, लोक शॉपिंगला जातात.

पण एकच माणूस म्हणाल तर भवरलालजी जैन, दुसरं नाव नाही. वाकोदचे, शेतकऱ्याचं घर. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी मिळत होती ती सोडून १९६३ ला घरातले सात हजार रुपये घालून रॉकेल विकायला सुरुवात केली. १९७८ ला केळीची पावडर करणारा बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि त्यात केळीऐवजी पपईचं पेपेन काढलं. पेपेन म्हणजे काय तर कच्च्या पपईला सकाळी सकाळी ब्लेडने बारीक उभ्या चिरा देतात, पांढरं दूध गळतं ते खाली धरतात, वाळवतात. हे माझ्या मामांनी केलंय, हाताची सालं निघायची दुधाने. पुढे पीव्हीसी पाइप, मग ठिबक, मग टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची केळी. पाण्याचा एक थेंब मुळाशी नेऊन सोडायचा ही गोष्ट पोरांना घरच्या शेतातच दिसते, वेगळी समजवायची गरज नाही.

तापीथडी
हो हे पण खरं, भवरलालजी पोरांना सगळ्यात जवळचे. मी माझं मत अर्धं अर्धं करतो.

पांझरेचा_पाट
धुळेकर हजर. इंजिनिअर लोकांनी ऐका, विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात १८८४ ला लागले आणि सुरुवातीलाच खानदेशात आले. तेवीस वर्षांचा पोरगा. पांझरेच्या पाटाचं पाणी ओहळापलीकडे न्यायला नळाचा सायफन घालायचं काम होतं, ऐन पावसाळा, पूर आला की खणलेलं गाळाने भरून जाई. त्यांनी वरिष्ठांना लिहिलं की काम पावसाळ्यानंतर करू, वरिष्ठ नाराज झाले, मग त्याच पावसात काम पुरं केलं पठ्ठ्याने. धुळ्याच्या पाणीपुरवठ्याचं कामही त्यांचं.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. ते आले त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून पांझरा, कान, मोसमवर फड चालत होते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ह्या वर्षी ह्या फडात ऊस तर पुढच्या वर्षी दुसऱ्यात. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, दोघांना गाव पीक देणार. शेवटच्या वाफ्यालाही पाणी पोचलं पाहिजे हा नियम. ही मोठी यंत्रणाच आहे, मला तर कारखाना वाटतो, फक्त धूर नाही.

लेवा_भाऊ
@पांझरेचा_पाट लय भारी. आम्ही फैजपूरवाले, १९३६ ला खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन आमच्याकडे, नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोसांनी बांबू आणि चटयांची सजावट केली. त्यासाठी गावोगाव पायी फिरून माणसं जमवली ती साने गुरुजींनी आणि धनाजी नानांनी. म्हणून माझं मत साने गुरुजी.

बोरीकाठ
गुरुजी आमच्याच शाळेत होते, १९२४ ते ३०. पण भाऊ विषय उद्योगांचा आहे ना?

लेवा_भाऊ
मग? गुरुजी अमळनेरला आले तेच मुळी तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला, म्हणजे तुमच्या प्रतापशेठच्या गिरणीच्या पैशावर. मग शाळेत लागले, छात्रालय सांभाळलं, पोरांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढायचे. पोरांचे कपडे धुवायचे, आजारी पोराजवळ रात्रभर बसायचे. आणि पुढे त्याच गुरुजींनी गिरणी कामगारांच्या बाजूने उभं राहून मालकांना जाब विचारला. एकाच गावात, एकाच गिरणीच्या दोन्ही टोकांना पोचलेला दुसरा माणूस दाखवा. १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली, ते तर आहेच.

चाळीसगावकर
अवांतर: आमच्याकडे केकी मूस. मुंबईत जन्मलेला पारशी माणूस, स्टेशनजवळच्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतलं आणि टेबलावर कापूस, साखर, मीठ, काड्या मांडून जगातल्या ठिकाणांचे वाटावेत असे फोटो काढले. टेबलावरचं बर्फाळ गाव बघून परदेशातली माणसं फसायची. रात्रीची मेल गेली की मग दार लावायचे असं गावात सांगतात. उद्योगात बसत नाहीत, पण सांगायचा मोह आवरला नाही. चाळीसगावला उतरलात तर जरूर बघून या.

यार्डातला_पोरगा
मेल वेळेवर आणायला कॉल बॉय होता म्हणून बरं 😀

चाळीसगावकर
😀 मान्य!

सरकी
मी बरेच दिवस नुसतीच वाचते, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळ्यांनी जी माणसं सांगितली ती सगळी मोठीच आहेत, पण कापसावर एवढं सगळं उभं राहिलं तर कापसाला पहिला हात लावणाऱ्या बायकांचं कोणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितेय. माझी आजी जिनात होती. हंगाम चार-पाच महिन्यांचा. लांबच्या लांब शेडमध्ये रेच्यांची (सरकी काढायच्या यंत्रांची) रांग, प्रत्येक रेच्यापुढे एक बाई. टोपलीतला कपास उचलायचा आणि चामड्याच्या रोलरला सारखा लावत राहायचा, रुई पलीकडे पडते, सरकी जाळीतून खाली. हात थांबला की मुकादम ओरडतो, हात जास्त पुढे गेला की बोट जातं. आजीच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. त्याचं काही मिळालं नाही, चार दिवसांनी फडकं बांधून परत कामावर. कोणता जिन ते सांगत नाही, आता तो नाहीही. घरी आली की डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, भुवयांवर पण रुई. फणीने केस विंचरताना रुईचे पुंजके निघायचे ते आम्ही पोरं गोळा करून वाती वळायचो. हंगाम संपला तरी खोकला काही संपायचा नाही.

नंतर मी इतिहास शिकले (एम. ए. जळगावलाच) तेव्हा वाचनात आलं की १८८५ च्या सुमारास मुंबई सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांविषयी साक्ष झाली होती, आणि ती कारखाना चालवणाऱ्या माणसाचीच. हंगामात पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत काम. तीन-चार आणे रोज. चारला दार उघडतं म्हणून बाया तीनलाच येऊन थांबायच्या. कामाची गर्दी असली की आठ आठ दिवस तीच माणसं रात्रंदिवस राबायची, पार थकली की नवी आणायची. अशा कामाने माणसं मरतात हेही त्याने सांगितलं. १८९१ च्या कायद्याने बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. लायब्ररीत ते पान वाचताना मला आजीचं बोटच दिसत होतं, पुढे वाचवेना, वही बंद करून बाहेर येऊन बसले.

माझं मत त्या बायांना. नाव एकीचंही सांगता येणार नाही.

खापरावरचा_मांडा
सरकीताई 🙏 काय लिहू. आयडी पण काय सुंदर घेतलाय.

पांझरेचा_पाट
दोनदा वाचलं. असं लिहीत राहा.

तापीथडी
वाईट वाटलंच. पण एक सांगतो, रागावू नका, पोरांना नुसतं दुःख सांगून उपयोग नाही. गिरणीने लोकांना पोटाला दिलं, शाळा दिली, हेही तेवढंच खरं. माझे वडील गिरणीत लागले म्हणून आम्ही तीन भावंडं शिकलो.

सरकी
रागावले नाही दादा. माझ्या आजीनेही त्याच चार-पाच महिन्यांच्या पैशावर माझ्या वडिलांना मॅट्रिक केलं. दोन्ही खरंय. पण पहिली अर्धी गोष्ट सगळे सांगतात, दुसरी कोणी सांगत नाही.

लेवा_भाऊ
बहिणाबाईंची आठवण झाली. असोद्याची, लिहिता वाचता न येणारी कष्टकरी बाई, शेतात आणि जात्यावर ओव्या रचल्या आणि आज विद्यापीठाला तिचं नाव आहे. लिहून घेणारं घरात कोणी होतं म्हणून आपल्याला कळलं. जिनातल्या बायाही गात असतीलच की.

सरकी
गायच्या ना! आजी सांगायची, रेच्यांच्या आवाजात शेजारणीचं ऐकू यायचं नाही म्हणून मोठ्याने ओरडून गायच्या, आणि घरी आल्यावरही आवाज चढाच राहायचा. आम्हाला वाटायचं आजी सारखी भांडतेच.

पाळीवाला
जरा उशिरा आलो. माझे वडील साचेखात्यात (मागांवर), आधी बदली कामगार, म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी आला नाही तर तुमचा नंबर. सहा वर्षांनी कायम झाले. खानदेशातलीच गिरणी, कोणती ते राहू द्या. बंद झाली तेव्हा रातपाळी करून सकाळी घरी आले, झोपले, दुपारी उठून परत गेले तर गेटवर कागद. हिशोबाचे पैसे मिळायला इतकी वर्षं लागली की तोवर ते हातमागाचा टॉवेल विकायला बाजारात बसत होते. पण भोंग्याची सवय मोडली नाही, भोंगा बंद झाल्यावरही बरोबर त्याच वेळेला उठून चहा ठेवायचे.

बोरीकाठ, तुम्हाला एक देऊ शकतो. वडिलांचा पितळी बिल्ला आहे माझ्याकडे, रुपयापेक्षा मोठा, मधोमध नंबर कोरलेला आणि वरती भोक. गेटवर जाताना हा द्यायचा, येताना घ्यायचा, हजेरी म्हणजे हाच. हवा असेल तर कुरिअरने पाठवतो, पोरांच्या हातात द्या. फक्त परत करा.

बोरीकाठ
@पाळीवाला, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) केलाय. जिवापाड सांभाळीन.
@सरकी, तुमचा प्रतिसाद आल्यापासून माझं सगळं बदललंय. गावाकडे फोन करून भावाला दोन किलो कपास ठेवायला सांगितलाय, न पिंजलेला, सरकीसकट.

रसायनवाला
मग प्रतापशेठ बाद का?

बोरीकाठ
बाद नाही. शेवटी आणतो त्यांना, आणि त्यांच्यासोबत गुरुजींना. आधी कपास.

(तीन आठवड्यांनी)

बोरीकाठ
मंडळी, परवा जाऊन आलो, वृत्तांत देतो. अर्ध्या तासाचे पावणेदोन तास झाले, सरांनी पुढचा तासही देऊन टाकला.

सुरुवातीला काहीच बोललो नाही. प्रत्येक बाकावर ओंजळभर कपास ठेवला आणि म्हटलं, हाताने सरकी वेगळी करा. पोरं शेतकऱ्यांची, कपास वेचलेला सगळ्यांनी, पण सरकी काढायची कोणावर वेळ आलेली नाही. रुई सरकीला अशी चिकटून असते की ओढली तर तुटते, तुटली की बोटाला गुंडाळते. पाच मिनिटांनी बघितलं तर कोणाच्या दहा सरक्या झालेल्या, कोणाच्या बारा. मग सरकीताईंच्या आजीचं सांगितलं, पहाटे चार ते रात्री दहा सांगितलं. वर्ग एकदम शांत. एका मुलीने तोवर काढलेली रुई तशीच हातात धरून ठेवली होती.

मग रूळ, अमेरिकेतलं युद्ध, कॉल बॉय (कुत्र्यांची गोष्ट फार आवडली), मग तुपाचा डबा. गुलाबी रंगाचा प्रयोग विज्ञानाच्या सरांनी स्वतः केला, रंग आला तेव्हा मागचे बाक पुढे. प्रतापशेठ आणि गुरुजी एकत्रच सांगितले, लेवा भाऊंनी सांगितलं तसंच, एक गिरणी काढणारा आणि एक त्याच्याच गावात कामगारांसाठी उभा राहणारा. भवरलालजी सांगायची गरजच पडली नाही, ठिबक म्हटल्याबरोबर पोरंच सांगायला लागली.

बिल्ला सगळ्यात शेवटी काढला. बाकावरून बाकावर फिरला. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, सर असा आमच्या घरी आहे, आजी किल्ल्यांच्या जुडग्यात लावते. सगळे हसले, त्याला वाटलं खोटं समजतायत. दुसऱ्या दिवशी मी निघायच्या आत सायकलवर येऊन त्याने तो दाखवला. झिजून नंबरातला एक आकडा गेलाय, पण तसाच, वरती भोक आणि भोकात किल्ल्यांची तार. त्याला माहीतच नव्हतं की तो पणजोबांचा आहे. मी त्याच्या आजीकडे गेलो, चहा झाला, तिने सासऱ्यांचं खातं सांगितलं, ब्लोरूम, म्हणजे कापूस मोकळा करून साफ करायचं. म्हणाली इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही.

शाळेने एक कपाट मोकळं केलंय, पोरांना सांगितलंय की घरात असलं काही असेल तर आजी-आजोबांना विचारून नावासकट कागदावर लिहून आणा. वस्तू घरीच राहू द्या, फोटो आणि नाव पुरे.

@पाळीवाला, तुमचा बिल्ला कालच कुरिअरला टाकलाय, पोचला की कळवा.

पाळीवाला
पोचला. डब्यात कापसात गुंडाळून पाठवलात, सरकीसकट. तो कापूस पण ठेवलाय.